बुडला म्हणजे भरला

निळा पंप ओढला की साधारण पाचव्या मिनिटाला माझे हात थरथरायला लागतात. आधी छातीत धडधड होते, मग बोटांच्या टोकांना बारीक कंप सुटतो, आणि मग अर्धा तास सुईत दोरा ओवायचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या कुणाला हे चालून गेलं असतं. मी शिवणकाम करते. देसाईगंजला, म्हणजे आमच्या तोंडी वडशाला, राइस मिलच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यात दोन मशीन, कापायचं एक टेबल आणि मी.

दमा मला लहानपणापासूनचा नाही. पस्तिशी उलटल्यावर आला आणि घरजावयासारखा राहिला. दिवाळीनंतर मिल सुरू झाल्या की गल्लीत धानाच्या कोंड्याची बारीक धूळ उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पापण्यांवर बसते. नेमका तोच माझ्या कामाचा हंगाम. हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, त्यांचे अंगरखे, घागरे, हवालदाराचे डगले माझ्याकडे येतात, आणि लग्नांचे ब्लाऊज वेगळेच. छातीत मांजरीची पिल्लं बोलू लागली, एक वाक्य पुरं करायला मध्ये दोनदा थांबावं लागू लागलं, तेव्हा नवऱ्याने मला जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन पंप दिले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. निळा दम लागला तरच, दोन फवारे, मध्ये मिनिटभर थांबून. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

घरी येऊन मी माझं शहाणपण चालवलं. तपकिरी पंप ओढून काहीच कळायचं नाही, ना आराम ना त्रास. पंधरा दिवसांत मी त्याला रजा दिली. निळा मात्र गुणाचा होता. ओढला की छातीला बांधलेली दोरी सैल व्हायची. पण हात थरथरायचे, घसा कोरडा पडायचा, आणि संध्याकाळी घेतला तर अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या छातीचे ठोके ऐकत बसावं लागायचं. शिवाय पंपाची सवय लागते, एकदा धरला की सुटत नाही, असं गल्लीतल्या निम्म्या बायकांनी मला न विचारताच सांगून ठेवलं होतं.

एका डिसेंबरात घाई फार होती. दम लागला, दोन फवारे घेतले आणि लगेच कात्री हातात धरली. शिक्षिका बाईंच्या पैठणीचा ब्लाऊज होता. मागच्या गळ्याचा गोल कापताना बोटं हलली आणि कात्री दोन बोटं आत गेली. त्या बाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी आधी कापडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि मग बोलण्याच्या निमित्ताने जरा जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सकाळी दहा वाजता बाईमाणसाचे हात थरथरताना दिसले तर लोकांना एकच कारण सुचतं. मी त्यांना पंप दाखवायला हवा होता. पण दमा आहे म्हटलं तर कामं जातील या भीतीने मी गप्प राहिले, आणि कापड माझ्याकडून भरून दिलं. त्यांची बहीण, जाऊ आणि शेजारीण अशी तीन गिऱ्हाइकं त्या एका वासापायी गेली.

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. दोनऐवजी एकच फवारा, आणि तोही अगदीच निभेनासं झालं तर. सकाळी कापायचं काम असेल तर पंपाला हात लावायचा नाही, बसून, वाकून, टेबलाला टेकून कसाबसा श्वास ओढायचा. श्वास पाहिजे की हात, असा हा सौदा होता, आणि मी हात निवडले होते. आज लिहिताना मला माझाच राग येतो, पण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आता नवऱ्याची हुशारी सांगते. तो धानाचा शेतकरी. गावाबाहेर आमची तीन एकर बांधी आहे. दरवर्षी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं टाकायच्या आधी तो बियाणं मिठाच्या पाण्यात सोडून पाहतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाला जातो. वरचा काढून टाकायचा, तळाचा साध्या पाण्याने धुऊन पेरायचा. हे काम तो असं जीव लावून करतो की पंचक्रोशीतले लोक त्याला विचारायला येतात. त्यामुळे पाण्यात टाकून पाहिलं की सगळं कळतं असा त्याचा ठाम विश्वास. अंडं चांगलं आहे का, टाक पाण्यात. मोसंबी रसाची आहे का, टाक पाण्यात. माझ्या निळ्या पंपावर किती औषध उरलं ते दाखवणारी खिडकी नव्हती. मी एकदा सहज म्हटलं, हा संपला की नाही ते कळायचं कसं? त्याने प्लास्टिकच्या खोळीतून धातूची छोटी डबी उपसली, स्टीलच्या ग्लासातल्या पाण्यात सोडली आणि वाकून पाहिलं.

“डुबला,” तो म्हणाला. “म्हंजे भरला हाये.”

हे इतकं सरळ आणि पटणारं होतं की मला त्याचं कौतुक वाटलं. पुढे दर महिन्याला तो ही परीक्षा घ्यायचा, डबी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचा आणि परत खोळीत बसवून मशीनच्या खणात ठेवायचा. डबी दरवेळी बुडायची. मी मनात म्हणायचे, एक-एकच फवारा घेतल्यावर संपणार कसा!

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास आणखी एक गोष्ट झाली आणि मी तिचा आनंद मानला. पंप घेतल्यावर हात थरथरेनासे झाले. आधी नेहमीपेक्षा कमी, मग जवळजवळ नाहीच. आराम पडायलाही वेळ लागू लागला होता, पण तो दोष मी मिलच्या धुळीला दिला. हातांचं श्रेय मात्र स्वतःला घेतलं. शरीराला औषध अंगवळणी पडलं, सुटले एकदाची, असं मला वाटलं.

एप्रिलात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बहिणीला मी बाई म्हणते. ती धानोऱ्यापासून सात किलोमीटर आत, जंगलाला लागून असलेल्या गावात दिली आहे. नवरीचा शालूवरचा ब्लाऊज आणि घरातल्या बायकांचे मिळून सहा ब्लाऊज मीच शिवायचे असं ठरलं होतं. बाईच्या घरी मशीन होतं. मी माझी कात्री, टेप, खडू घेतला आणि लग्नाच्या आठ दिवस आधी आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. निघायच्या सकाळी नवऱ्याने ग्लासात पाणी घेतलं. डबी बुडली.

पहिल्याच संध्याकाळी चुलीच्या धुराने मला दम लागला. एक फवारा घेतला, हात जागचे हलले नाहीत. दुसऱ्या सकाळी मी नवरीच्या शालूवरच्या ब्लाऊजचं कापड पसरून असा गळा कापला की बाई बघत राहिली. मी तिला फुशारकीने म्हटलंही की आता मला पंपाचा काही त्रास होत नाही. बाईने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि बरं झालं म्हणाली.

त्या दिवसांत तिकडे मोह पडत होता. पहाटेपासून फुलं गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचून घ्यावी लागतात. फुलं पडायच्या आधी बरेच लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात, म्हणजे काळ्या राखेवर फिकट फुलं उठून दिसतात आणि वेचणं सोपं जातं. जाळू नका म्हणून दरवर्षी सांगतात. काही घरं ऐकतात आणि झाडून घेतात, बाईचं घर झाडून घेणाऱ्यांतलं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी टोपली घेऊन असंच वेचायचो, तोंडात एक आणि टोपलीत दोन. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई निघाली तेव्हा मला राहवलं नाही, मीही निघाले. पंप पदराला बांधून घेतला. नवरा झोपला होता.

बाईची झाडं गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे पोचलो आणि कळलं की शेजारच्या कुणीतरी आदल्या संध्याकाळी आपल्या झाडाखाली पाला पेटवला होता. तो रात्रभर धुमसत राहिला होता. सकाळच्या गारव्यात धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो. आणि फुलं वेचणारं माणूस वाकलेलं असतं. मी अर्धी टोपली वेचली असेल नसेल, छाती आवळली. मी झाडाच्या मुळाशी बसले, पंप काढला, हलवला, एक फवारा घेतला. थांबले. काही नाही. मनाचा हिय्या करून दुसरा घेतला, ब्लाऊजचे गळे गेले चुलीत म्हटलं. पुन्हा थांबले. बाई पाठ चोळत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. श्वास आत जात होता तो बोटभर, आणि बाहेर यायला शिट्टी वाजवत होता.

तेव्हा माझी नजर हातांवर गेली. दोन्ही हात मी मांडीवर ठेवले होते. सकाळच्या उजेडात नखं निळसर दिसत होती आणि बोटं अगदी स्थिर होती. दोन फवारे घेऊन बोटं स्थिर. गेल्या दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मी आणखी एक फवारा घेतला, नाकासमोर धरून उडवूनही पाहिला. फुस् आवाज आला, गार वाफ आली. पण तोंडात तो कडवट स्वाद नव्हता, छातीत धडधड नव्हती आणि बोटं जागची हलत नव्हती. आणि मग मला सगळं एकदम कळलं. हात सुधारले नव्हते. पंपात औषधच उरलं नव्हतं, होळीपासूनच उरलं नव्हतं, आणि मी आनंदात होते. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही.

बाईने मला उठवलं. तिथून फोन लागत नव्हता, त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. ती मला धरून धरून गावाकडे घेऊन आली, दर वीस पावलांवर मी थांबत होते. नवरा अंगणात दात घासत होता. मला पाहून त्याच्या तोंडातली काडी खाली पडली. आधी पंप घे म्हणाला. बाईने सांगितलं, तीनदा घेतला. मग आणखी घे म्हणाला, तो भरलेला आहे, त्याने स्वतः पाहिलं आहे. एरवी मी त्याला एका शब्दाचे चार शब्द ऐकवते. त्या दिवशी माझ्याकडे शब्दाला पुरेल एवढी हवा नव्हती. मी नुसते दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

“पाहा,” मी म्हटलं. “हालत... नाईत.”

तो हातांकडे पाहत राहिला. “मंग चांगलं हाये ना,” तो म्हणाला.

बाईला मात्र लगेच उमगलं. “दवाई आत गेली असती तं हिचे हात थरथरले असते, भाऊ,” ती म्हणाली. “रिकामा हाये तो पंप. गाडी काढा.”

त्याने धावत जाऊन गाडी काढली. तो पुढे, मी मध्ये, मागून बाईने मला कवेत धरलेलं, असे आम्ही तिघं त्या मोटारसायकलवर धानोऱ्याला निघालो. सात किलोमीटर. रस्त्यात खड्डा आला की बाई माझ्या कानात सांगायची, हळू सोड, हळू सोड, म्हणजे श्वास. मी नवऱ्याच्या पाठीला टेकले होते आणि त्याची पाठ घामाने भिजलेली होती. आपण मरणार असं मला वाटलं, हे मी कशाला लपवू. आणि विचार कुठला आला म्हणाल तर नवरीच्या ब्लाऊजच्या बाह्या अजून लावायच्या आहेत, हा.

दवाखान्यात सिस्टरने मला पाहिलं आणि नाव-गाव विचारायच्या आत खाटेवर बसवलं. तोंडावर मास्क लावला, मशीन घुरघुरू लागलं, मास्कमधून औषधाची पांढरी वाफ यायला लागली. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बोटाला चिमटा लावला, पाठीवर नळी ठेवून ऐकलं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, बोलू नका, फक्त घेत राहा. मी घेत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, आठ झाली. मग तोंडात तो ओळखीचा कडवट स्वाद आला. मग छातीत धडधड सुरू झाली. मग मांडीवर ठेवलेल्या माझ्या उजव्या हाताची करंगळी हलली, तिच्या शेजारचं बोट हललं, आणि बघता बघता दोन्ही हात पानासारखे थरथरायला लागले.

माझा जीव भांड्यात पडला. मी मास्कच्या आत रडायला लागले. हसतही होते बहुतेक, कारण वाफ भलतीकडेच जायला लागली आणि बाईने मला दटावलं. नवरा पायथ्याशी उभा होता. त्याने माझे हात पाहिले आणि तो घाबरून दाराकडे धावला.

“सिस्टर, लवकर या,” तो ओरडला. “हिचे हात थरथरून राह्यले.”

सिस्टर शांतपणे म्हणाल्या की औषध लागू पडलं म्हणून थरथरतात, भिऊ नका. मी मास्क जरा बाजूला केला. आता माझ्याकडे हवा होती आणि बोलायचंही होतं. “थरथरू द्या त्यायले,” मी म्हटलं. बाई तोंडाला पदर लावून रडत होती, तिलाही हसू फुटलं.

दुपारपर्यंत त्यांनी मला ठेवून घेतलं. डॉक्टरबाईंनी पंप हातात घेऊन पाहिला, कधीचा आहे विचारलं, आणि इतके दिवस भरलेला आहे हे कशावरून ठरवलं तेही विचारलं. नवऱ्याने खाली मान घालून ग्लासाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पूर्वी लोक असं करायचे, पण त्याचा भरवसा नाही, असं त्यांनी समजावलं. दाण्यात दाणाच असतो, पण डबीत दोन गोष्टी असतात, औषध आणि त्याला बाहेर ढकलणारा गॅस. औषधाचे फवारे मोजून भरलेले असतात, आकडा डबीवर लिहिलेला असतो. ते संपल्यावरही गॅस उरतो. मग आवाज येतो, वाफ येते आणि डबी पाण्यात बुडतेही. शिवाय पाणी आत शिरून तिचं तोंड बुजतं ते वेगळंच. नवरा शाळेतल्यासारखा ऐकत होता.

मग माझी पाळी आली. तपकिरी पंप का बंद केला म्हणून त्यांनी मला चांगलंच झाडलं. तो लगेच काही करत नाही, पण छातीची सूज तोच उतरवतो आणि दम लागूच नये याची सोय तोच करतो. तो घेतला असता तर निळा क्वचितच लागला असता, आणि निळा लागला नसता तर हात थरथरले नसते. म्हणजे हात वाचवायला मी जे सोडलं होतं, त्यानेच माझे हात वाचले असते. आणि एकेक फवारा घेऊन मी काय साधलं? अर्धा दम तसाच ठेवायचे, तो तासाभरात परत यायचा, की पुन्हा एक. निळा आठवड्यात दोनदाहून जास्त लागू लागला तर हात मोजत बसू नका, दाखवायला या, असं त्या म्हणाल्या. आणि पंप घेऊनही आराम पडला नाही तर घरी थांबायचंच नाही. थरथर अर्ध्या-पाऊण तासात जाते, तिने काही बिघडत नाही. फक्त छातीत दुखलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर सांगायचं. नवे पंप, काही दिवसांच्या गोळ्या आणि पंपाला लावायचं प्लास्टिकचं जाड नळकांडंही त्यांनी दिलं. त्यातून सावकाश ओढलं की औषध घशात न बसता छातीत जातं. मी हे सगळं या वेळी बाईला पाठ करायला लावलं, माझ्या मान हलवण्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

सहा दिवसांनी लग्न होतं आणि गोळ्या-पंपांमुळे माझे हात पहिले दोन दिवस दिवसातून बऱ्याचदा थरथरत होते. पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पंप घेतला की मी कात्री खाली ठेवायचे आणि अर्धा तास दुसरी कामं करायचे, उसवण, इस्त्री, तुरपाईचे दोरे काढणं. कडक चहा त्या वेळात घ्यायचा नाही, पाणी प्यायचं. थरथर गेली की पुन्हा मशीनवर. बाह्या लागल्या, सहाही ब्लाऊज झाले. नवरीचा गळा तर तुम्ही कुठेही दाखवा.

वडशाला परतल्यावर मी दुकानातही तेच सुरू केलं. गिऱ्हाईक समोर असलं तरी पंप घ्यायचा आणि सांगायचं, मला दमा आहे, आता अर्धा तास कापणार नाही, बसायचं तर बसा, नाहीतर उद्या या. मला वाटलं होतं लोक पळतील. त्यातल्या दोघींनी आपापल्या पिशवीतून आपापले पंप काढून दाखवले. एकीला तर चूळ भरायची असते हेही माहीत नव्हतं, जिभेवर पांढरं का येतं म्हणून ती मिठाच्या गुळण्या करत होती. मी तिला बसवून सगळं सांगितलं, जणू मीच डॉक्टर. त्या शिक्षिका बाई मात्र परत आल्या नाहीत. रस्त्यात दिसतात, मी नमस्कार करते.

फवारे मोजायला मी मांजरपाटाची एक पट्टी केली. निळ्याचा एक फवारा घेतला की लाल दोऱ्याचा एक टाका, दहा झाले की गाठ. तपकिरीचा हिशेब महिन्यावर, त्याला पट्टी लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत पट्टीवर टाके भराभर वाढले. मग दोन टाक्यांमध्ये आठवडा जायला लागला, मग महिना. दिवाळीनंतर मिल सुरू झाल्या, कोंडा उडाला, नाटकवाल्यांचे अंगरखे आले. मी तोंडाला ओढणी बांधून काम केलं आणि जानेवारी उलटून गेला तेव्हा लक्षात आलं की पट्टीवर नवीन गाठ पडलेली नाही. दोन शब्दांमध्ये थांबणं मी विसरले होते. नवऱ्याला एका शब्दाचे चार ऐकवणं पुन्हा सुरू झालं होतं, तेच त्याला आधी कळलं असावं.

नवऱ्याने त्या सकाळबद्दल वर्षभर एक अक्षर काढलं नव्हतं. ग्लासात डबी टाकणं त्याने सोडलं. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचा तेव्हाही मी अंगणात आले की तो पाठ वळवून बसायचा. मीही तो विषय काढला नाही. त्याने वाईट हेतूने काही केलं नव्हतं, आणि तपकिरी पंपाला रजा देणारी तर मीच होते.

मग यंदा आम्ही वडशाच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेलो. त्यांनी छाती ऐकली, मग निळा पंप मागितला, उलटा करून तारीख वाचली आणि सांगितलं की याची मुदत संपली आहे, हा टाकून द्या आणि नवा घ्या. माझ्या पट्टीवरचे टाके त्यांनी स्वतः मोजले. दोनशे फवाऱ्यांच्या पंपातले निम्म्याहून अधिक उरले होते. ते मान हलवत म्हणाले, छान, असेच उरलेले पंप टाकायला लागोत.

बाहेर औषधाच्या दुकानासमोर जुन्या औषधांचा डबा ठेवलेला असतो. मी नवा पंप पिशवीत टाकला आणि जुना नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी नेऊन हलवला. आतलं औषध खळखळलं. सांडलेला तांदूळ दाणा दाणा वेचणारा तो माणूस, त्याला ते टाकवेना.

“एवढी दवाई उरली,” तो म्हणाला.

“उरली, हेच तं पाह्यजे होतं,” मी म्हटलं.

तो तरीही उभाच. पंपाकडे बघत, माझ्याकडे न बघता, मग हळूच म्हणाला, “त्या दिवशी मीच म्हटलो होतो. भरला हाये म्हणून.”

वर्षभर हे त्याच्या छातीत अडकलेलं होतं, आणि मला वाटत होतं दम फक्त मलाच लागतो. रस्त्यावरून धानाचा ट्रक गेला, धूळ उडाली. मी ओढणी नाकावर घेतली आणि त्याचा दंड धरला.

“हो, तुमीच म्हटलं होतं,” मी म्हटलं. “आन् आमा दोघीले गाडीवर घेऊन खड्ड्या-खड्ड्यातून दवाखान्यात नेलं, ते बी तुमीच.”

त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले, धूळ गेली म्हणाला, आणि पंप डब्यात टाकला.